बोलोन्याचे दंड आणि आपले चाळीस गुण

मंडळी, अभ्यासक्रमात आणि गुणदानात विद्यार्थ्यांना विचारा म्हटलं की स्टाफरूममधून पहिलं वाक्य येतं, "मग शिकवायलाही त्यांनाच उभं करा!" म्हणून आधी इटलीतल्या बोलोन्याला जाऊन येऊ.

मध्ययुगात तिथे कायदा शिकायला आलेल्या परगावच्या पोरांनी संघ बांधला. विद्यापीठ म्हणजे तो संघच. मास्तरांनी विद्यार्थी-रेक्टरची, म्हणजे संघाच्या विद्यार्थी प्रमुखाची, आज्ञा पाळायची शपथ घ्यायची. घंटेला तास सुरू, पुढच्या घंटेला बंद. ग्रंथाचे तुकडे पाडलेले, कोणता तुकडा कोणत्या तारखेपर्यंत संपवायचा तेही ठरलेलं. मागे पडलात, दंड. अवघड भाग गाळलात, दंड. तो बुडू नये म्हणून सराफाकडे आधीच अनामत! मास्तरांवर नजर ठेवायला विद्यार्थ्यांतलेच गुप्त हेर. तासाला पाच डोकी जमली नाहीत तर मास्तरच गैरहजर. (हा नियम आपल्याकडे गणपतीच्या आठवड्यात लावला तर... असो, प्राचार्य पुढच्याच रांगेत आहेत.) स्वतःच्या लग्नाला रजा एक दिवस.

एवढा दरारा, पण परीक्षा मास्तरांच्याच हातात राहिली. १२१९ साली पोपने त्यावर आर्चडीकनची, म्हणजे चर्चच्या अधिकाऱ्याची, संमती आणली, पोरांची नाही. काय, किती, कधी शिकवायचं यावर त्यांचा ताबा, पास-नापासावर नाही. आपल्याकडे दोन्हींची सरमिसळ करून भांडतात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. बोलोन्यात एव्हाना दंड झाला असता. तर भरभर सांगतो.

चार क्रेडिटचा पेपर, साठ तास. विद्यापीठाच्या साठ गुणांना हात लावू नका; अंतर्गत चाळीस आपले. शेवटच्या घटकातले सहा तास पोरांना निवडू द्या, तीन पर्यायांतून, गुप्त चिठ्ठीने. पहिल्या आठवड्यात नको, तेव्हा प्रवेशच चालू असतात. ज्याचं गाइड बाजारात मिळतं तोच विषय निवडून येतो, म्हणून तसा पर्याय ठेवूच नका.

निकष ठरवायला गेल्या वर्षीचे दोन निबंध नावं झाकून वाटा आणि वर्गालाच वीसपैकी गुण द्यायला लावा. एकाच निबंधाला कुणी आठ देतो, कुणी सतरा. मग जो वाद होतो त्यातून चार निकष फळ्यावर उतरवा, प्रत्येकी पाच गुण. सेमिस्टरभर ते बदलायचे नाहीत.

गटप्रकल्पात पाच जण असतील तर प्रत्येकाने उरलेल्या चौघांत शंभर गुण वाटायचे, स्वतःला शून्य. सगळे पंचवीस-पंचवीस देऊन मोकळे होतात. त्यावर उपाय : प्रत्येक आकड्यासमोर त्या मुलाने केलेल्या कामाचं एक वाक्य. गट चिठ्ठ्या टाकून पाडा, नाहीतर वसतिगृहाची खोली एकगठ्ठा मतदान करते. आणि या वाटपाने मूळ गुण फार तर दोनने वर-खाली होऊ द्या. जुनी भांडणं मग फारशी परवडत नाहीत.

गुण पोर्टलवर चढवण्याआधी तीन दिवस निकषांसकट दाखवा. तक्रार लेखी, आणि कोणत्या निकषावर ते लिहिलेलं हवं. "सर, दोन गुण वाढवा ना" ही तक्रार नव्हे.