निरंक

नमस्कार श्रोतेहो. लहान मुलं रेडिओजवळ असतील तर त्यांना जरा अंगणात खेळायला पाठवा, मग ऐका.

डिसेंबर २०२४ मधलं कल्याणचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. शाळकरी मुलीला पळवून नेलं, तिचा जीव घेतला. पकडलेल्या माणसावर आधीचे गुन्हे नोंदलेले होते आणि तो जामिनावर बाहेर होता, हे आपल्याला नंतर कळलं. खटल्याचा निकाल लागलाच नाही, कारण एप्रिल २०२५ मध्ये तो तळोजा तुरुंगात मरण पावला. ‘नंतर कळलं’ हे शब्द मला फार टोचतात. कागदावर तर ते आधीपासून होतं.

मी पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांत मुलांसोबत कोर्टात बसते. तिथली एक आजी मला आज तुम्हाला भेटवायची आहे. गाव सांगत नाही, ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत.

आजी बाजारात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकायची. नात सात वर्षांची होती तेव्हा शेजारच्या माणसानं तिच्यावर हात टाकला. फिर्याद झाली, अटक झाली. दोन महिन्यांनी आजी मीठ आणायला दुकानात गेली, तर तो माणूस पुढ्यात उभा! जामीन झाला हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नात त्या दिवसापासून दुकानात जाईना, मग शाळेतही जाईना.

आणि मग सुरू झाल्या तारखा. कधी साहेब रजेवर, कधी तपासणीचा अहवाल आला नाही, कधी आरोपीचे वकील गैरहजर. दर वेळी नातीला वेणी-फणी करून, भाकरी बांधून, पहिल्या एसटीनं आणायची आणि संध्याकाळी साक्ष न होताच परत न्यायची. पुढची तारीख आजी मला चिठ्ठीवर लिहायला लावायची, केसच्या नंबरासकट. ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत जायची. घरी गेल्यावर नात कालनिर्णयवर त्या तारखेला गोल करायची. (भिंतीवरचं कॅलेंडर घरोघर नाहीसं होतंय याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, माहेरपणाचा दिवस, सगळं तिथे असायचं. हातानं लिहिलेलं डोक्यात राहतं, फोनमधलं राहत नाही, असं माझं ठाम मत आहे. असो.)

चौदा चिठ्ठ्या झाल्या. दोन वर्षं उलटून गेली होती. आणि एका बाजाराच्या दिवशी शेजारी भाजी घेऊन बसलेली बाई सांगू लागली, आमच्या गावात असं असं झालं, सहा वर्षांची पोर, बहिणीकडे राहायला आलेला माणूस. आजीनं नाव विचारलं. मग विचारलं, डाव्या पायानं लंगडतो का? बाई म्हणाली, हो.

आजीनं पाटी तशीच त्या बाईच्या ताब्यात दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला कोर्टाच्या पायरीवर गाठलं. “ताई, हा त्योच हाय.” त्याच दिवशी दुसऱ्या प्रकरणात त्याच्या जामीन अर्जावर सुनावणी होती. आम्ही सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी फाईल उघडून दाखवली. पोलिसांच्या अहवालात ‘पूर्वीचे गुन्हे’ यापुढे एकच शब्द होता: निरंक.

निरंक. म्हणजे काही नाही. ठाणं वेगळं, तालुका वेगळा, आणि पहिल्या फिर्यादीत त्याचं आडनाव वाडीच्या नावावरून लिहिलेलं. त्यामुळे या कागदाला त्या कागदाचा पत्ताच नव्हता. आजीनं पिशवीतून चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. चौदाच्या चौदा. वकीलसाहेबांनी त्यावरून नंबर घेतला, रेकॉर्ड मागवलं, आणि जामीन नाकारला गेला. बाहेर आल्यावर आजी खाली बसली आणि रडली. म्हणाली, “माझ्या नातीचं वेळेत झालं असतं, तर ती दुसरी वाचली असती.”

यावर मी काय बोलणार होते?

कायदा पाहा. पोक्सो कायदा २०१२ चा. न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो एका वर्षात खटला संपावा, असं त्यात लिहिलंय. पुन्हा सांगते, ३० दिवसांत साक्ष, एका वर्षात खटला. २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची देशपातळीवरची यादी पोलिसांसाठी सुरू झाली, पण ती शिक्षा झालेल्यांची. खटलाच संपला नाही तर नाव यादीत येणार कुठून? २०१९ मध्ये काही गुन्ह्यांना फाशीसुद्धा आली. भर चौकात फाशी द्या म्हणणाऱ्यांचा संताप मला कळतो, पण चौदा तारखा पडणार असतील तर फाशीचा धाक त्या माणसाला वाटत नाही. पंधरावी तारीख पडू नये म्हणून कुणी मोर्चा काढला, तर मी पहिल्या रांगेत चालेन.

आपल्या ओळखीत असं प्रकरण असेल तर केसचा नंबर लिहून ठेवा आणि आरोपीचं नाव फिर्यादीत पूर्ण लिहिलंय का ते बघा. आणि जामीन अर्जाची नोटीस मागा. पोक्सोच्या प्रकरणात ती मुलाच्या बाजूला मिळालीच पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलंय. नोटीस मागा, नोटीस मागा. मदत हवी असेल तर मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८. दहा, नऊ, आठ.

आजीच्या नातीची साक्ष शेवटी झाली. तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्या दिवशी शर्ट कुठल्या रंगाचा होता, असं तिला विचारलं गेलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, आता आठवत नाही.

नमस्कार.