आरव्हीची फर्नेस: पंखा फिरतो, पण हवा गारच?

नमस्कार मंडळी. थंडी सुरू झाली की अमेरिका-कॅनडातल्या आपल्या लोकांच्या कॉमेंट सुरू होतात: "ताई, थर्मोस्टॅट वाढवला, पंखा सुरू झाला, पण हवा गार. गॅस तर भरलेला आहे." म्हणून आज आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, फर्नेसबद्दल (आत गरम हवा सोडणाऱ्या गॅसच्या हीटरबद्दल) फक्त एवढंच बोलायचंय.

सोपं आधी, पटकन. सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा. झटक्यात उघडलात तर आतली सुरक्षा-यंत्रणा गॅस अडवते. मग शेगडी पेटवा. निळी, स्थिर ज्योत आली म्हणजे गॅस येतोय. सिलिंडर नुकतंच बदललं असेल तर पाइपमधली हवाही अशीच निघून जाते. थर्मोस्टॅट 'हीट'वर आहे ना? झालं.

आता मुद्दा. फर्नेस एका क्रमाने चालते. थर्मोस्टॅटने सांगितलं की आधी पंखा फिरतो, बॅटरीच्या 12 व्होल्टवर. त्या वाऱ्याने एक छोटी पट्टी ढकलली जाते, तो सेल स्विच (सेल म्हणजे शीड, बॅटरीचा सेल नव्हे). तो जुळला की मगच कंट्रोल बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पाडतो. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर गॅस बंद. बहुतेक फर्नेस असे तीन प्रयत्न करतात आणि मग लॉकआउटमध्ये जातात, म्हणजे प्रयत्न थांबवतात.

म्हणजे पंखा नुसता फिरून चालत नाही, पुरेशा वेगाने फिरावा लागतो. बॅटरी उतरलेली असली तरी पंखा फिरतोच! हळू फिरतो, पट्टी ढकलली जात नाही, आणि तुम्ही रात्रभर गार वाऱ्यात बसता. "पंखा चालतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे" हे वाक्य कृपा करून विसरा.

ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, मेदर कॅम्पग्राउंडमध्ये, शेजारी पुण्याचं एक कुटुंब भाड्याची आरव्ही घेऊन आलं होतं. समुद्रसपाटीपासून सात हजार फूट, आणि मेदरला विजेचं कनेक्शन नाही. लहान मुलं कुडकुडत होती आणि काका दर पाच मिनिटांनी सिलिंडर हलवून बघत होते. मी म्हटलं, काका, सिलिंडर राहू द्या, जनरेटर लावा. जनरेटर लावायला परवानगी असलेली वेळ होती. जनरेटर लावला तसा पंख्याचा आवाज चढला. थोड्या वेळाने ठिणगीची टिक-टिक, मग भस्स, आणि गरम हवा. गॅसला कोणी हातही लावला नव्हता.

त्यावर कॉमेंट येते, "थंडीत सिलिंडर गोठलं असेल." हा समज भारतातून येतो. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्यूटेन असतो, आणि तो शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो. अमेरिकेत आरव्हीत भरतात तो प्रोपेन. त्याचा उत्कलनबिंदू उणे 42 अंश सेल्सिअस. उणे पाचला तो गोठलेला नसतो हो.

आता व्होल्टेज मोजायचं मीटर घ्या. बॅटरी नुसती असताना मोजू नका, तेव्हा ती 12.4 व्होल्ट दाखवते आणि तुम्ही फसता. पंखा चालू असताना, फर्नेसकडे जाणाऱ्या तारांवर मोजा. मोठ्या फर्नेसचा पंखा 7 ते 10 अँपिअर ओढतो, आणि त्या भाराखाली खरा आकडा कळतो. तिथे 10.5 व्होल्टच्या खाली गेला तर फर्नेस पेटायची आशा सोडा. त्याच्या थोडं वर असतानाही सेल स्विच त्रास देतो. 100 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले जेमतेम निम्मेच वापरावेत, म्हणजे पंखा सतत चालला तर पाच ते सात तास. पहाटे चारला गार वारा का सुटतो, कळलं?

मीटर नसेल तर कान लावा. टिक-टिक ऐकूच येत नाही? मग गोष्ट गॅसपर्यंत पोचलेलीच नाही: बॅटरी, सेल स्विच किंवा हवेचा मार्ग बघा. कुत्र्याचे केस आणि धूळ त्या पट्टीवर नेहमी साचते. टिक-टिक येते पण पेटत नाही? आता गॅस, ठिणगी पाडणारा इलेक्ट्रोड, कंट्रोल बोर्ड बघा. पेटून लगेच विझते? ज्योत ओळखणारा इलेक्ट्रोड किंवा अर्थिंग. बऱ्याच वेळाने मध्येच बंद पडते? आत उष्णता कोंडतेय, जाळ्यांसमोरच्या बॅगा हलवा.

आणि एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. "सेल स्विच वगळून थेट तार जोडून टाका, लगेच चालू होते." अरे, पुरेसा वारा आहे याची खात्री करायलाच तो स्विच आहे! वारा नसताना बर्नर पेटला तर फक्त जास्त तापलं की गॅस बंद करणाऱ्या लिमिट स्विचवर सगळं सोडल्यासारखं होतं, आणि आत मुलं झोपलेली असतात. स्विच खराब असेल तर नवा बसवा, तो महाग नसतो. नवा बसवूनही पेटत नसेल तर पुन्हा व्होल्टेज मोजा, कारण स्विच ठणठणीत असतो आणि बॅटरी उतरलेली असते.

बाहेरच्या व्हेंटमध्ये टॉर्च मारून बघा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. धूर बाहेर जायला जागा उरली नाही तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याचा अलार्म वाजला तर आधी सगळे बाहेर. गॅसचा वास आला तरी तेच: कुठलंही बटण न दाबता बाहेर या आणि सिलिंडर बंद करा.

कॉमेंटमध्ये विचारताना मला दोन गोष्टी लिहा: पंखा चालू असतानाचं व्होल्टेज, आणि टिक-टिक ऐकू आली की नाही.