बदललेला नियम उपकेंद्रात पोचतो तेव्हा

साथीच्या काळात धोरण बदलावंच लागतं. नवा पुरावा हाती आल्यावर जुन्या नियमाला चिकटून राहणं घातक. प्रश्न आहे तो आदेश काढताना आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरचा दिवस कुणी डोळ्यांसमोर ठेवतं का, हा. कोविशिल्ड या कोरोनावरच्या लशीचंच बघा.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा दोन डोसमध्ये २८ दिवसांचं अंतर होतं. मार्चमध्ये ते आठ आठवड्यांपर्यंत वाढवलं, आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे केलं. ब्रिटनमधल्या अनुभवाचा त्याला आधार होता. पण लसीकरणाच्या कोविन पोर्टलवर आधीच ऑनलाइन घेतलेली वेळ ग्राह्य धरायची आणि थेट केंद्रावर आलेल्याचे ८४ दिवस भरले नसतील तर त्याला परत पाठवायचं, असं ठरलं. आता मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात किंवा गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडात ऑनलाइन वेळ घेणार कोण? त्यात मे महिना, म्हणजे ऐन तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी येऊन पुडे बांधायचे. त्या हंगामातली एक दिवसाची कमाई सोडून आलेला माणूस दारातूनच परत गेला, की त्याला पुन्हा आणताना आशाताईंच्या नाकी नऊ येतात. नियम बदलल्याचा निरोप त्याच्या घरी आदल्या संध्याकाळी पोचायला हवा होता.

दुसरी गोष्ट कुपीची. एका कुपीत दहा डोस, प्रत्येकी अर्धा मिलीलिटर. उघडली की चार तासांत संपवायची, उरलेले टाकायचे. जून २०२१ पासून केंद्र सरकारने सांगितलं, की लस वाया गेली तर राज्याच्या वाट्यावर परिणाम होईल. हेतू चांगला होता. पण दुपारी तीनला चारच माणसं बसलेली असताना सिस्टरने काय करायचं? कुपी उघडली तर सहा डोस वाया, नाही उघडली तर चार माणसं गेली. हिशेब वाया गेलेल्या डोसचा मागितला जायचा, परत गेलेल्या माणसांचा कुणी मागत नव्हतं. त्यामुळे कुपी बंदच राहायची. माझ्या मते दुर्गम तालुक्यांना या अटीतून सूट द्यायला हवी होती.

नोव्हेंबरमध्ये ‘हर घर दस्तक’ आलं आणि लसच माणसांकडे निघाली. हे आधीच व्हायला हवं होतं. मात्र त्यालाही तयारी लागते. डीप फ्रीझरमधले आइसपॅक थेट लस नेण्याच्या कॅरिअरमध्ये भरले तर लस गोठते, आणि गोठलेली कोविशिल्ड फेकूनच द्यावी लागते. पॅक बाहेर ठेवायचे, कानाशी धरून हलवायचे. आत पाणी डुचमळलं की मगच भरायचे. आशाताईंनी आदल्या दिवशी टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, दहा-बारा नावं पक्की करायची, शेतावर जाणाऱ्यांकडे सकाळी सातच्या आत पोचायचं, आणि कुपी उघडल्याची वेळ लगेच लेबलवर लिहायची.