भट्टीचे अस्तर

[दृश्य : पहाट. पंचगंगेचा पूल, पुढे कारखान्यांच्या छपरांच्या रांगा.]

कोल्हापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागले आणि पंचगंगा ओलांडली, की शिरोलीची औद्योगिक वसाहत सुरू होते. शहराच्या दुसऱ्या अंगाला, कागलच्या वाटेवर, गोकुळ शिरगावची वसाहत आहे. या वसाहती, कागल-हातकणंगलेचा नवा पट्टा आणि शहरातले जुने उद्यमनगर मिळून या भागात सुमारे ३०० फाउंड्र्या, म्हणजे धातू ओतून भाग घडवणारे कारखाने, आहेत. एकेकाळी येथे शेतीपंपांचे आणि ऑइल इंजिनांचे भाग ओतले जात. आज मोटारी आणि ट्रॅक्टर यांचे सुटे भाग येथून देशभर आणि देशाबाहेरही जातात.

पडद्यावर ओतले जाणारे लोखंड सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापलेले आहे. ठिणग्यांचे हे दृश्य फाउंड्रीवरच्या प्रत्येक चित्रफितीत असते आणि आम्हालाही ते टाळता आले नाही. मात्र आमचा विषय पेटलेली भट्टी नसून, ती थंड झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी तिच्या पोटात उतरणारी माणसे हा आहे.

[दृश्य : थंड भट्टी, वरून. आत उतरलेला कामगार. ब्रेकरचा आवाज काही क्षण तसाच राहू द्यावा.]

इंडक्शन भट्टी म्हणजे मुळात तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे, म्हणजेच कॉइल. नळीतून पाणी फिरते, वेटोळ्यातून वीज जाते आणि मधल्या पोकळीतले लोखंड वितळते. लोखंड आणि तांबे यांच्यामध्ये जे अस्तर असते, त्याला येथे सगळे लायनिंग म्हणतात. ते सिलिकाच्या कोरड्या भुकटीचे असते आणि प्रत्येक वितळणीला थोडे थोडे झिजते. ते फार पातळ झाले की भट्टी थांबवून फोडून काढावेच लागते, कारण वितळलेले लोखंड पाण्याच्या नळीपर्यंत पोहोचले तर स्फोट होतो.

हे काम ठेकेदाराची माणसे करत आहेत. एकजण आत उतरून हवेच्या दाबावर चालणारा ब्रेकर चालवतो, दुसरा वरून बादलीने राडारोडा ओढून घेतो, आणि दोघांच्याही तोंडाला रुमाल आहे. भाजलेल्या सिलिकाचे कवच तुकड्यातुकड्यांनी सुटते आणि त्यामागे कॉइलला चिकटलेला, पुठ्ठ्यासारखा राखाडी थर दिसू लागतो. तो खरवडून काढला जातो. कॅमेरा येथे रेंगाळला आहे, तो मुद्दाम.

हा थर उष्णता आणि वीज अडवण्यासाठी असतो. आज त्या जागी अभ्रकाचे किंवा सिरॅमिक तंतूंचे पत्रे मिळतात आणि अनेक फाउंड्र्यांनी ते स्वीकारलेही आहेत. परंतु वर्षानुवर्षे तंतुमय खनिज असलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यावर हे काम भागवले गेले, कारण तो स्वस्त होता, कात्रीने कापता येत होता आणि जळत नव्हता. पडद्यावरचा थर नेमका कशाचा आहे हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही. त्यासाठी तुकडा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली न्यावा लागतो, आणि तो खरवडणाऱ्याला तर पत्र्याच्या खोक्यावर काय छापले होते हेही कधी दाखवलेले नसते.

[दृश्य : नवे अस्तर बसवण्याचे काम, जवळून. हात, काटा, भुकटी.]

जुने अस्तर निघाले की नवे बसते. पत्रा वाकवून कॉइलला आतून लावतात, मधोमध फॉर्मर नावाचा पोलादी साचा उभा करतात, आणि दोहोंमधल्या फटीत सिलिकाची भुकटी ओतून ती काट्याने खुपसत, ठोकत, थरावर थर दाबत जातात. फॉर्मर नंतर बाहेर काढायचा नसतो. पहिल्याच वितळणीत तो लोखंडाबरोबर वितळून जातो. भुकटीत हवा राहिली तर अस्तर टिकत नाही, म्हणून हे काम सगळ्यांना देत नाहीत. उजवीकडे दिसणारे मामा काटा मारताना खाली पाहतही नाहीत, कारण थर बसला की नाही हे त्यांना आवाजावरून कळते. भुकटी ओतली जाते तेव्हा खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगताना स्पष्ट दिसते. आमच्या कॅमेऱ्याच्या भिंगावरचीही तीच धूळ आहे.

फाउंड्रीतला अ‍ॅस्बेस्टॉस भट्टीपुरता कधीच नव्हता. ओव्हनच्या दाराला लावायची दोरी, लॅडलच्या, म्हणजे वितळलेले लोखंड वाहून नेणाऱ्या भांड्याच्या, पोलादी कवचामागचा पुठ्ठा, तापलेले काम उचलायचे हातमोजे, छातीवरचा एप्रन, हे सगळे अ‍ॅस्बेस्टॉसचे असे. विशेषतः हातमोजे वापरून उसवत, आणि उसवलेले हातमोजे एकमेकांवर झटकून कामगार जेवायला बसत. वर छपराला सिमेंटचे पत्रे होतेच, आणि त्यांतही तोच तंतू होता. भारतातल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी थांबल्या असल्या तरी पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात आणि वापर आजही कायदेशीर आहे.

[दृश्य : छातीचा एक्स-रे, खिडकीच्या काचेवर धरलेला.]

श्वासातून गेलेला तंतू शरीराला विरघळवता येत नाही. त्यातून फुप्फुस कडक करणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग, किंवा फुप्फुसावरच्या आवरणाचा मेसोथेलिओमा होऊ शकतो, आणि त्यासाठी साधारणपणे १५ ते ४० वर्षे जातात. ओतकामाच्या भट्टीत अ‍ॅस्बेस्टॉसपेक्षा सिलिकाची धूळ कितीतरी जास्त असते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सिलिका, अ‍ॅस्बेस्टॉस आणि लोखंड-पोलादाच्या ओतकामातला वावर या तिन्हींना पहिल्याच, म्हणजे माणसाला निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गटात ठेवले आहे. सरकारी केसपेपरवर मात्र व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ एवढेच लिहिले जाते आणि उपचार बहुधा क्षयाचे सुरू होतात.

[दृश्य : पत्र्याची पेटी उघडली जाते. हजेरीची कार्डे, पिवळी पडलेली पगारपत्रके.]

आता कायदा. कर्मचारी भरपाई कायदा १९२३ चा होता. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांची यादी असून तीत अ‍ॅस्बेस्टॉसिस होता, आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमाही होता. यादीतला आजार कामामुळे झाला, तर तो कामावरचा अपघात मानला जाई. ज्याची ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, नोंद असे त्याला या कायद्याने मालकावर दावा करता येत नसे. त्याला ईएसआयच्या वैद्यकीय मंडळापुढे जावे लागे. एकाहून अधिक मालकांकडे काम करून आजार जडला असेल, तर कोणी किती द्यायचे याची वाटणी भरपाईचे दावे ऐकणारे आयुक्त करू शकत. हा संपूर्ण कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

इथवर सगळे कामगाराच्या बाजूचे दिसते. अडचण १९२३ च्या कायद्याच्या दहाव्या कलमात होती. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. आणि काम सोडल्यानंतर आजार दिसला तर, काम सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली असतील तरच, लक्षणे प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा दिवस मानायचा. उशिराचा दावा पुरेसे कारण असल्यास स्वीकारण्याची मुभा आयुक्तांना होती, पण ती मुभा होती, हक्क नव्हे. जो आजार उघड व्हायलाच २० किंवा ३० वर्षे लागतात, त्याच्यासाठी दोन वर्षांची मोजपट्टी कोणी आणि कशाच्या आधारे ठरवली, हा प्रश्न विचारल्यावाचून आम्हाला राहवत नाही.

भरपाईची रक्कमही पाहण्यासारखी आहे. २०२० च्या अधिसूचनेनुसार, प्रत्यक्ष पगार कितीही असला तरी, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये वेतन धरले जाते. पूर्ण आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. तिसाव्या वर्षी हा गुणक २०७.९८ आहे, म्हणून रक्कम १८,७१,८२० रुपये येते. साठाव्या वर्षी तो ११७.४१ वर उतरतो आणि रक्कम १०,५६,६९० रुपये होते. यंत्रात अचानक हात गेलेल्या माणसासाठी हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण तंतू तिसाव्या वर्षी आत गेला आणि धाप साठाव्या वर्षी लागली, तर मधल्या आठ लाखांची तूट कामगाराच्याच खात्यावर पडते.

[दृश्य : पेटीतला प्रत्येक कागद स्वतंत्रपणे. घाई नको.]

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. गुजरातमधल्या एका ग्राहक संस्थेने केलेली ती याचिका होती. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले, आणि अ‍ॅस्बेस्टॉसिसचे प्रमाणपत्र मिळालेल्या कामगारांना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा आदेश दिला. आमच्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोलाचा आदेश नोंदींचा आहे : प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपायची. आजाराला लागणारा काळ ओळखून दिलेला हा आदेश आहे. कारखाने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत फाउंड्री धोकादायक उद्योगांमध्ये मोडत होती, म्हणजे तेथील कामगारांची वेळोवेळी वैद्यकीय तपासणी आणि तिची नोंद या कायद्यानेही आवश्यकच होती. आणि असा आजार आढळला तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने तसेच तपासणाऱ्या डॉक्टरांनी कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवणे बंधनकारक होते.

ही पेटी एका ठेकेदारी कामगाराची आहे. त्यांनी चार फाउंड्र्यांत काम केले आहे. त्यांतली एक बंद पडली, दुसरीचे नाव बदलले. त्यांच्याकडे तीन हजेरी कार्डे, एका वर्षाचे पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीची एक चिठ्ठी आहे, आणि वकिलांच्या मते ठेकेदारी कामगाराच्या मानाने हे पुष्कळच आहे. भट्टीच्या आत ते किती वेळा उतरले, हे यांपैकी एकाही कागदावर नाही.

[दृश्य : संध्याकाळ. नव्या अस्तराची पहिली वितळण. फॉर्मर हळूहळू लाल होतो.]

अस्तर बसले, भट्टी पुन्हा सुरू झाली. दाराशी ठेकेदार आपली वही लिहीत आहे, आणि आम्ही विनंती केल्यावर त्याने ती कॅमेऱ्यापुढे धरली. तारीख, भट्टीचा क्रमांक, सिलिकाच्या पोत्यांची संख्या आणि खाली सहा नावे. आडनाव एकाचेही नाही. पत्रा कोणता लावला, यासाठी वहीत रकाना नाही.