आरेच्या वारुळातली शेती

वारूळ म्हटलं की आपल्याला नाग आठवतो. नागपंचमीला लाह्या-दूध वारुळापाशी. पण आयत्या बिळावर नागोबा तो, बांधणारं कोण? मुंग्या, असं बहुतेक जण सांगतील. मुंबईतल्या आरेच्या जंगलातलं हे वारूळ वाळवीचं आहे, आणि वाळवी मुंगी नव्हेच. नात्याने ती तुमच्या मोरीतल्या झुरळाला जवळची.

रस्त्यासाठी खणलेल्या चरात वारूळ असं उभं कापलं गेलं, म्हणून कॅमेरा आत नेता आला. मातीच्या कप्प्यात अक्रोडाच्या गरासारखं सुरकुतलेलं, तपकिरी दिसतंय ना, तो बुरशीचा मळा. कामकरी वाळवी वाळकं लाकूड, पाचोळा खाऊन येते. पण ते तिला धड पचत नाही. अर्धवट पचलेली विष्ठा ती मळ्यावर थापते, शेणी थापाव्यात तशी. बुरशीचं बी त्या विष्ठेतच असतं. लाकडातला चिवट भाग मग बुरशी फोडते. आणखी जवळ जाऊ. हे पांढरे, राजगिऱ्याएवढे दाणे दिसले? ते पीक. दाणे खातात तरुण कामकरी. तळाचा मुरलेला थर खातात वयाने मोठे. वर पेरणी, खाली कापणी.

तिकडे अमेरिका खंडांत पानं कापणाऱ्या मुंग्याही बुरशीच पिकवतात. तिथली राणी नवं घर थाटायला निघते ती माहेरच्या बुरशीचा तुकडा तोंडात धरून. विरजणच म्हणा ना. आपल्या या वाळवीच्या राणीकडे विरजण नसतं. नव्या घरातल्या पहिल्या कामकऱ्यांना ते बाहेरून शोधून आणावं लागतं.

पावसाने जोर धरलाय. जमीन फोडून आलेल्या या छत्र्या त्याच बुरशीच्या. हळूच उपटली की लांब सोट निघतो, तो थेट खालच्या मळ्यापर्यंत गेलेला. पाड्यावरच्या आजी ही अळंबी लहानपणापासून वेचतायत. बटण मशरूमसारखी ती शेडमध्ये पिकत नाही. तिला शेतकरी वाळवीच लागते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये याच आरेत मेट्रो कारशेडसाठी दोन-तीन दिवसांत दोन हजारांहून जास्त झाडं तोडली. झाडांसाठी निदान लोक कोर्टात तरी गेले होते.

आजींचे हात बघा. मिटलेल्या कळ्या तेवढ्या टोपलीत. उमललेल्या छत्र्यांना हात नाही. का, विचारलं तर म्हणतात, "उमलली की लगेच किडते." त्या उमललेल्या छत्र्यांच्या बीजाणूंतून, म्हणजे बुरशीच्या बियांतूनच, नव्या वाळवीला विरजण मिळणार आहे.