अंगठ्याचं दुखणं, पोटाचा घेर

रात्री दोन-अडीचला पायाचा अंगठा असा ठणकायला लागतो की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. सकाळी पाहावं तर सांधा लालभडक, टरारून सुजलेला. हा गाऊट. पेशंट खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतो, "डॉक्टर, पण मी काही जाड नाही हो." बऱ्याचदा ते खरंही असतं. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२, अगदी नॉर्मल. हातपाय काटकुळे आणि शर्टाच्या आत पोटाचा माठ.

हा माठ वजनकाट्याला दिसत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२!

आता ही चरबी अंगठ्यापर्यंत पोचते कशी? चिमटीत येते ती कातडीखालची चरबी त्यामानाने गरीब. त्रास देते ती आतड्यांभोवतीची. तिच्यातली मेदाम्लं थेट यकृतात जातात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. आणि हे जादा इन्सुलिन मूत्रपिंडाला भरीला घालतं: लघवीवाटे जाणारं युरिक ॲसिड (शरीरातला एक टाकाऊ पदार्थ) पुन्हा रक्तात ओढून घे. रक्तात ते दर १०० मिलिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की सांध्यात त्याचे स्फटिक धरू शकतात, आणि गाऊटचं दुखणं त्यांचंच. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड, म्हणून तिथे आधी. कोरियातल्या एका अभ्यासात सामान्य वजनाच्याच लोकांची तुलना केली, तेव्हा गाऊट असलेल्यांच्या पोटात चरबी जास्त निघाली.

आपल्याकडे मात्र पहिली गदा येते वरणावर. डाळ बंद, पालक बंद! भाज्या-कडधान्यांमुळे गाऊटचा धोका वाढलेला मोठ्या पाहणीत दिसलेला नाही. बिअर, कलेजी, तारली आणि साखरेची थंड पेयं यांच्याकडे बोट दाखवा, तर तेवढ्यात विषय बदलतो.

कमरेचं माप घ्या. पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० ही आपली मर्यादा. "माझी पँट वीस वर्षं बत्तीसचीच आहे," असं गृहस्थ अभिमानाने सांगतात. अहो, पँट तीच आहे, पण ती पोटाखाली उतरली आहे! टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

आणि माप पाहून घाबरून कडकडीत उपास धरू नका. उपाशी शरीरात तयार होणारी कीटोन्स युरिक ॲसिडची बाहेरची वाट अडवतात, आणि उपासातच अंगठा पेटतो. वजन सावकाश उतरवा. ऐन दुखण्यात रक्त तपासलं असेल आणि युरिक ॲसिड नॉर्मल आलं असेल, तर दुखणं ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. ॲटॅकमध्ये ते खाली आलेलं असू शकतं.