अगाथा संपली, आता पुढे काय?

नमस्कार मंडळी.

आमच्या लेकीने नुकतीच अगाथा ख्रिस्ती संपवली. सगळी. 66 रहस्यकादंबऱ्या, वर कथासंग्रह. शेवटचं पुस्तक मिटून ती बाहेर आली तेव्हा आपल्यापैकीच काही जण आमच्याकडे गप्पा मारत बसले होते. तिने विचारलं, "आता काय वाचू?" झालं! जो तो आपापलं आवडतं नाव पुढे करू लागला. तिने सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला काय आवडलं ते सगळे सांगताय. मला काय आवडलं ते कुणी विचारतच नाही." आत जाता जाता वळून तिने आणखी एक प्रश्न टाकला, "आणि आई, मराठीत खून होतच नाहीत का?"

तेव्हापासून ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात घर करून आहेत.

पहिलं वाक्य आधी घेते, कारण पोरगी बरोबर बोलली. ख्रिस्तीचे सगळे चाहते एका जातीचे नसतात. कुणाला दहा माणसं बेटावर अडकतात आणि एकेक कमी होत जातो, ती कोंडी आवडते. त्यांना ख्रिस्तीच्या 1939 च्या 'अँड देन देअर वेअर नन'नंतर युकितो आयात्सुजी या जपानी लेखकाची 'द डेकॅगन हाउस मर्डर्स' द्यावी. 1987 ची आहे. रहस्यकथांचं वेड असलेले विद्यार्थी बेटावर जातात, आणि एकमेकांना जुन्या रहस्यलेखकांच्या नावांनी हाक मारतात. त्यात एक अगाथाही आहे! कुणाला ख्रिस्तीच्या प्वारो या गुप्तहेराचं खुर्चीत बसून विचार करणं भावतं. त्यांना जोसेफिन टे हिची 'द डॉटर ऑफ टाइम' द्यावी. तिच्यातला पोलीस अधिकारी इस्पितळातल्या खाटेवरून शेकडो वर्षांपूर्वीच्या राजपुत्रांच्या खुनाचा छडा लावायला निघतो.

काहींना कोडं सुटण्यापेक्षा पोटात येणारा गोळा हवा असतो. त्यांच्यासाठी डॅफ्नी द्यू मॉरिए हिची 'रिबेका', 1938 ची. जिच्या नावाने कादंबरी आहे ती बाई आधीच मेलेली, आणि जी गोष्ट सांगते तिचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. मेलेलीचं नाव घरभर, जिवंत असलेलीला नावच नाही. एवढ्या एका युक्तीतून केवढी भीती उभी केलीय बाईंनी!

आणि ज्यांना 'कोणी केलं' यापेक्षा 'का केलं' छळतं, त्यांना मी केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' अगदी हातात कोंबेन. खून पहिल्याच प्रकरणात होतो, आपल्या डोळ्यांदेखत. खुनी कोण, ते आपल्याला ठाऊक असतं. शेजारचा गणिताचा शिक्षक तो खून लपवायला उभा राहतो, आणि तरीही शेवटी आपण हादरतो. लेकीला मग मी विचारलं, तुला काय आवडलं? ती म्हणाली, "शेवटी सगळे चांगले वाटायला लागतात, खुनीसुद्धा." मी सरळ हिगाशिनो दिला. दोन पानं वाचून तिने फोन बाजूला ठेवला.

आता दुसरं वाक्य. मराठीत खून होतच नाहीत का?

इथे बसलेल्यांनी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचलाय, काळा पहाड वाचलाय. सुहास शिरवळकरांचे नायक दारा बुलंद आणि फिरोज इराणी कोण, हे कुणाला सांगावं लागत नाही. पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचले ना सगळ्यांनी? अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि कित्येकांना वाचनाची गोडी लावली. मग मुलांनी मराठी वाचावं म्हणून आपण त्यांच्या हातात काय ठेवतो? पुरस्कार मिळालेलं, जाडजूड, गंभीर. आपल्याला ज्याने वाचक केलं ते त्यांच्यापासून लपवायचं, हे काही बरं नाही, मंडळी. रागावू नका, पण ज्यांनी घर बदलताना ती पातळ पुस्तकं रद्दीत दिली, त्यांनी थोडा विचार करावा.

हेही खरं, की ख्रिस्तीच्या चाहत्याला अर्नाळकर देताना सांगून द्यावेत. तिथे दुवे जुळवत बसायचं नसतं. तिथे वेग आहे, वेषांतर आहे, धाडस आहे. सुहास शिरवळकर तरुण वाचकाला जास्त जवळचे वाटतील. आणि ज्याचं मराठी वाचन संथ आहे त्याला रत्नाकर मतकरींच्या गूढकथा द्याव्यात. थोडक्या पानांत घाम फुटतो.

पण माझी खरी काळजी या संथपणाचीच आहे. रहस्यकथा चालते वेगावर. आमची लेक इंग्रजी पुस्तक एका रात्रीत संपवते. तीच मराठीचं एक पान जोडाक्षरांशी झुंजत वाचते, आणि पान संपेपर्यंत दार कुणी उघडलं होतं हे विसरते. उत्कंठा टिकणार कशी? मी वाचून दाखवायला लागले. तर तिला माझ्या आवाजावरूनच खुनी कळतो! दुसऱ्याने वाचावं तर ऐकायला सवड नाही, आणि बारा-तेराव्या वर्षानंतर आईच्या शेजारी बसून कोण ऐकणार? मुलांना अक्षरओळख देणारे वर्ग आपण चालवतो. पण वाक्यामागे धावता येईल इतका वेग कुठून आणायचा, ते मला कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या मुलांनी हा टप्पा ओलांडला असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मला जरूर गाठा.